कानाच्या कडेचा रंग

मार्व्हाच्या लक्षात आलं तोवर तिचा अंगठा बाळाच्या कानामागे पोचलेला होता. दवाखान्यातल्या लांब बाकावर ती बसली होती, मांडीवर बाळ, शेजारी ओडेट. पुढे अजून बऱ्याच बायका होत्या आणि डोक्यावरचा पंखा वारा न देता नुसताच कुरकुरत होता. बाळ दूध पिऊन झोपलेलं, ओठांच्या कोपऱ्यात अजून पांढरा थेंब. तिनं टोपडं जरासं सरकवलं, अंगठा कानामागे घातला, बोटानं पाळी पुढे दुमडली आणि खिडकीच्या उजेडाकडे त्याची मान हलकेच वळवून कानाच्या वरच्या कडेचा रंग पाहिला. बाजारात भोपळ्याला नख लावून बघावं तसं. सगळं मिळून एका श्वासाचं काम. बाळ अजून कोवळं, भाजत ठेवलेल्या पावासारखं फिकट होतं. महिन्याचंही झालं नव्हतं. कड मात्र गडद होती. म्हणजे मोठेपणी सगळं अंग त्याच रंगाचं होणार. कान खोटं सांगत नाही, असं बेटावर सगळेच मानतात. मार्व्हानं पाळी सोडली, तोच कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं तिला वाटलं.

“काय बघतेस आई?”

ओडेट सहा वर्षांची. दाणे टिपणाऱ्या पाखरासारखी तिची नजर. काही सुटायचं नाही.

“काही नाही गं. कानामागे मळ साचलाय का बघत होते.”

हे इतक्या सहज तोंडून गेलं की मार्व्हाला स्वतःचंच नवल वाटलं. विचार करून खोटं बोलायला निदान थोडा वेळ लागतो. हे जणू तयारच होतं, जिभेखाली ठेवलेलं.

पलीकडे पिवळ्या झग्यातली एक ऐसपैस बाई दोन्ही हातांत जुळी घेऊन बसली होती. ती खो खो हसली. “मळ! ऐकलंत का गं, मळ म्हणे! बाई माझे, हा मळ आमच्या आख्ख्या घराण्याला आहे. साबण झिजले, मळ आपला तिथेच!”

बाकभर हशा उसळला. “बघू, बघू दे मला,” म्हणत तिनं एक जुळं शेजारणीच्या मांडीवर सोपवलं आणि वाकून, अगदी त्याच अंगठ्यानं आणि त्याच बोटानं, बाळाचा कान दुमडला. “हां. काही काळजी करू नकोस पोरी. हा लाल साखरेवर थांबेल. काकवीपर्यंत नाही जायचा.”

“आणि तुमचे दोघं?” कुणीतरी विचारलं.

“माझे? त्यांचा बाप बघितला नाहीस तू. माझे दोघं थेट काकवी! वरून एक थेंब पाणी नाही.” आणि तिनं दोघांच्या डोक्यांचे मटामटा मुके घेतले.

मार्व्हाही हसली होती. सगळ्या हसल्या तेव्हा हसली. नंतर बसमध्ये ते हसू तिला आठवलं आणि खिडकीबाहेर पाहता पाहता तिचा चेहरा तापला. ओडेट हसली नव्हती. तिनं फक्त हात वर करून वेणीखालचा स्वतःचा कान चाचपला होता आणि मग हाताचं बोट बघितलं होतं, काही लागलंय का म्हणून. मार्व्हानं ते पाहिलं होतं. पाहून नजर दुसरीकडे वळवली होती, कारण तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं, बाळाला तराजूत ठेवायचं होतं, त्यानं रडून दवाखाना डोक्यावर घेतला आणि आईपणातल्या सोयी असतात तशी ती एक सोय झाली: बाळ रडायला लागलं की बाकी सगळं नंतर.

बस बंदराजवळून गेली. साखरेच्या कोठारांशी वळणावर तो वास आला, गोड आणि आंबूस, जळल्यासारखा, जो वास म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, इतका तो ब्रिजटाउनच्या हवेत मुरलेला आहे. क्लेमेंट, तिचा नवरा, तिथेच क्रेन चालवतो. त्याच्या शर्टाच्या शिवणीतसुद्धा तो वास. साखर आणि काकवी. आपल्याकडे माणसाच्या कातडीची सगळी नावं कढईतनंच आलेली, तिच्या मनात आलं. रस उकळत उकळत जसा दाट होत जातो तसे आपण. हे वर्गात सांगायला किती छान आहे, असंही लगेच मनात आलं, आणि त्या छानपणाचीच तिला शिसारी आली. वर्गात सांगायला. मार्व्हा मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. स्वातंत्र्यानंतर पुस्तकं बदलली, राजाराण्या गेल्या, आणि ज्या धड्याची ती वर्षभर वाट बघायची तो धडा आला: या बेटावर गुलामी कशी सुरू झाली. ती फळ्याकडे पाठ करून, हात बांधून, गोष्ट सांगितल्यासारखी सांगायची. की मुलींनो, सुरुवातीला इथे तंबाखू होता, कापूस होता, आणि शेतात राबायला आयर्लंडचे, इंग्लंडचे कंगाल गोरे होते, काही वर्षांच्या बोलीवर आणलेले, काही तर पकडून आणलेले. त्यांच्याच शेजारी आफ्रिकेतून आणलेली माणसं. एकच ऊन, एकच चाबूक. मग ऊस आला. उसाला माणसं लागली, पुष्कळ लागली, मरतील तितकी पुन्हा लागली. आणि मग कायदा लिहिला गेला, गोऱ्या नोकरांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, आणि काळ्यांच्या कायद्यात लिहिलं की ही माणसं रानटी आहेत, धोक्याची आहेत. आधी लिहिलं नव्हतं. गरज पडली तेव्हा लिहिलं. “म्हणजे काय?” ती विचारायची. आणि मग स्वतःच फळ्यावर लिहायची, खडूनं खाली रेघ ओढून: आधी ऊस, मग रंग.

हे वाक्य तिला फार आवडायचं. मुली ते वहीत उतरवायच्या तेव्हा त्यांच्या वाकलेल्या मानांकडे पाहून तिला आपण काहीतरी हातात देतोय असं वाटायचं. कारण त्या वाक्याचा अर्थ असा होता की हा तिरस्कार कुणाच्या रक्तातला नाही. तो घाण्याच्या लाकडी रुळांसारखा बनवून घेतलेला आहे, कामापुरता. आणि जे बनवलं ते मोडताही येतं. हे वाक्य घेऊन घरी जाता यायचं, भात टाकता यायचा, ओडेटच्या वेण्या घालता यायच्या, झोपता यायचं.

सुट्टीवर निघण्याच्या आदल्या आठवड्यात, पोट एवढं मोठं झालेलं, ती खुर्चीतच बसून हा धडा घेत होती. तेव्हा मागच्या बाकावरून आर्लीन कॅडोगननं हात वर केला. आर्लीन म्हणजे काळीकुळकुळीत, उंच, कोपरं टोकदार, गणवेश मोठ्या बहिणीचा. वर्षभर तोंडातून शब्द नाही. “मिस,” ती म्हणाली, “पण ऊस यायच्या आधीच गव्हर्नरानं जाहीर केलं होतं ना, की विकायला आणलेले काळे आणि अमेरिकेतले मूळचे इंडियन जन्मभर राबतील म्हणून? वेगळा करार नसेल तर. गोऱ्यांना मुदत होती. यांना मुदत नाही. का? तेव्हा तर ऊस नव्हता. तंबाखूच होता.”

“कुठे वाचलंस?”

“आपल्याच पुस्तकात मिस. मागे, बारीक अक्षरात.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्या माना वर झाल्या, खरोखरच उत्तर ऐकायला. मार्व्हा म्हणाली होती, चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू. पुढचा तास आलाच नाही; बाळ लवकर आलं. पण बसमध्ये, त्या वासातून बाहेर पडता पडता, तिला प्रश्न आठवला नाही. तिला आठवलं ते त्याच्या आधीचं, हात वर झाल्यावर आणि आर्लीननं तोंड उघडण्याआधी जे मनात चमकून गेलं होतं ते. ही? एवढंच. ही? हिला काय विचारायचंय? आणि त्या ‘ही’मध्ये आर्लीनचे केस होते, टोकदार कोपरं होती, आणि सगळ्यात आधी, सगळ्याच्या तळाशी, काकवी होती. तिच्या त्या आवडत्या वाक्याच्या बरोबर खाली, रेघेच्याही खाली.

ओडेट खिडकीशी बसली होती. तिच्या डोक्यावर गवती टोपी होती, बसमध्येसुद्धा. “काढ गं ती आता,” मार्व्हा म्हणाली. “ऊन लागेल,” ओडेट म्हणाली, मोठ्या माणसासारखी. ते मार्व्हाचंच वाक्य होतं. मुलगी चालायला लागली तेव्हापासूनचं. ऊन लागेल, आत ये. ऊन लागेल, टोपी घाल. शेजारची पोरं समुद्रावर दिवसदिवस उघडी हुंदडतात, त्यांना कुणाला ऊन लागल्याचं मार्व्हाला माहीत नव्हतं. ऊन, मळ, केसांत गुंता होतो म्हणून तेल. घरात किती शब्द होते असे, साधे, स्वच्छ, रोजच्या वापरातले. प्रत्येकाच्या खाली काहीतरी झाकून ठेवलेलं.

घर दगडांवर नुसतं ठेवलेलं होतं, त्या बाजूची सगळीच जुनी लाकडी घरं असतात तसं. जमीन दुसऱ्याची असायची म्हणून घर उचलून नेता आलं पाहिजे. आत गार होतं. तिनं बाळाला पाजायला घेतलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. तोंडात घेताना बाळ चिमुकली मूठ छातीवर दाबतं, कुणी काढून घेईल की काय अशा धाकानं, आणि मग एकेक बोट सैल पडत जातं. ते सैल पडणं तिला ओडेटच्या वेळचंही आठवत होतं. फक्त त्याच्याआधीचं तिला आठवायचं नव्हतं, आणि आज ते सरळ येऊन समोर बसलं. इस्पितळातली ती दुपार. ओडेटला कापडात गुंडाळून तिच्याजवळ दिलेलं. तिनं बोटं मोजली नव्हती. चेहरासुद्धा नीट बघितला नव्हता. कान दुमडला होता. कड इतकी काळी होती की काही विचारायचं उरलंच नव्हतं. आणि मार्व्हानं भिंतीकडे तोंड केलं होतं. क्लेमेंट आत आला, म्हणाला, काय गं, दुखतंय का? ती म्हणाली होती, हो. त्यानं पोरीला उचलून खिडकीशी नेलं होतं, तिच्या गालाशेजारी आपला हात धरून पाहिलं होतं आणि हरखून म्हणाला होता, बघ, माझीच आहे, शिक्का मारूनच पाठवलीय! तो हसत होता आणि ती भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्याकडे बघत होती. दुखतंय का. हो. तेही एक खोटं, स्वच्छ, घरगुती.

आणि त्याच्याही मागे आई. आई, म्हणजे युडोरा, गावात जिला लाल म्हणायचे. लाल म्हणजे गोऱ्याच्या जवळची. युडोरा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, मोत्यांचे कानातले घालून. तिची सख्खी बहीण आयव्ही, त्याच आईची, त्याच बापाची, पण रंगानं काकवी, त्याच दुकानात मागच्या खोलीत गठ्ठे बांधायची. आयव्हीमावशीला हिशेब जास्त चांगला यायचा, आवाज जास्त गोड होता, आणि ती कधी पुढे आली नाही. म्हणजे, तिला पुढे येऊ दिलं नाही. दर नाताळात, मांस कापता कापता, हीच आयव्हीमावशी एक गंमत सांगायची. “मार्व्हा झाली ना, तर तुझ्या आईनं काय केलं असेल? पोर मुलगी आहे की मुलगा, ते नाही विचारलं! आधी कान! सुईण म्हणते, बाई, पोरगी आहे. ही म्हणते, ते राहू दे, खिडकी उघड!” सगळे पोट धरून हसायचे. आयव्हीमावशी सगळ्यात जास्त. मार्व्हाही हसायची, आपल्यावरचा विनोद आवडतो म्हणून. एकदा, पंधरासोळा वर्षांची असताना, तिनं आईला विचारलं होतं की कशाला बघितलंस? युडोरा शांतपणे म्हणाली होती, “तुझ्याच भल्यासाठी. काउंटरवर उभं राहायचंय का मागच्या खोलीत, हे आधी कळलेलं बरं. माणूस तयारीला लागतो.”

आणि यात माया नव्हती असं मार्व्हाला म्हणता येईना. तेच तर वाईट होतं. तिला वाटलं, हा कान पहिल्यांदा कुणी उलटून बघितला असेल? तिनं मिटल्या डोळ्यांनी ती बाई पाहायचा प्रयत्न केला. ऊसमळ्याच्या मालकाच्या वाड्यामागच्या झोपडीतली एखादी, बाळंतपण होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच पुन्हा शेतावर जायचंय अशी. तिला मूल दिलेलं नव्हतं, तिच्यावर लादलेलं होतं, कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक. ती त्याचा कान दुमडते आणि बघते, हा घरात घेतला जाईल का. आत, सावलीत, ताटं पुसायला. की बाहेर, कोयता घेऊन. तिचं बघणं भीतीचं. तिच्या मुलीनं ती भीती घेतली, कारण ती शहाणपण म्हणून मिळाली होती. त्या मुलीच्या मुलीनं नुसतं शहाणपण घेतलं. मग नुसता अंगठा राहिला. पण मग पुन्हा आर्लीन आली, टोकदार कोपरं घेऊन, मागच्या बाकावरून: पण त्याच्या आधी, मिस? ज्यानं पहिल्यांदा ठरवलं की यांना मुदत नको, त्याला कुणी शिकवलं होतं? त्याला तर अजून ऊसही नको होता. आणि मार्व्हाला पहिल्यांदा तो माणूस दिसला. चाबूकवाला नव्हे, पुस्तकातला नव्हे. मेजाशी बसलेला साधा माणूस, बंदरात माणसं उतरवलीयत आणि त्यांचं काय करायचं ते त्याला ठरवायचंय. हात आधीच गेलेला आहे. मग कुणीतरी विचारतं, काय करताय? आणि तो मान वर करून, सहज, जिभेखालचं काढून देतो. हे वेगळे आहेत. यांना चालतं. यांच्यात मळ आहे. सगळं नंतर त्याच शब्दावर बांधत गेले, कायदा, ऊस, घाणा, काउंटर. शब्द खोटा आहे हे पहिल्यालाच तेवढं ठाऊक असेल. किंवा त्यालाही क्षणभरच. लाज वाटायच्या आधी शब्द सापडला की लाज वाटायची राहून जाते.

ऊस आधी की रंग आधी. तिनं खडूनं रेघ ओढली होती त्या जागी आता नुसता एक बाक होता, दवाखान्यातला, आणि त्यावर बसलेली ती.

मागे नळ वाहत होता. कधीचा वाहत होता ते तिच्या लक्षात आलं नाही, कारण बाळ गळ्यातनं बारीक आवाज काढत पीत होतं आणि त्या आवाजात बाकीचे आवाज बुडत होते.

“अगं कुणी आहे का घरात? का सगळी मेलात?” युडोराचा आवाज दारातनं. डोक्यावर रविवारची हॅट, हातात कापडात गुंडाळलेला खोबऱ्याचा पाव, अजून गरम. “कुठंय माझा राजा? दे, दे इकडे. ढेकर मी काढते. तुला काढता येत नाही, तू ओडेटचीही कधी काढली नाहीस, म्हणून ती एवढी हडकुळी.” तिनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवर थापटी मारत गोल फिरली. “अगं, जड झालाय की! नाक रोज ओढतेस ना आंघोळीला? अजून बसकं आहे. ओढलंस तर सरळ होईल. आणि हे पाणी कोण सोडतंय मागं एवढं? फुकटचं आहे?”

मार्व्हा उठली. झग्याच्या गुंड्या लावत मागच्या दारात आली.

ओडेट नळाशी पालथ्या बादलीवर उभी होती. अंगात नुसती चड्डी. गवती टोपी मात्र डोक्यावर, ऊन लागू नये म्हणून, मागे सरकवलेली. हातात कपडे धुण्याचा ब्रश आणि निळ्या साबणाची वडी. दोन्ही कान फेसानं भरलेले, फेस मानेवरनं पाठीवर ओघळत होता, आणि ती दात ओठांवर दाबून, डोळे घट्ट मिटून, डाव्या कानामागे ब्रश चालवत होती. नीटनेटकी, शिस्तीत, वरपासून खालपर्यंत, जशी आई कॉलर घासते.

“ओडेट!”

तिनं एक डोळा उघडला. “निघत नाहीये गं आई,” ती म्हणाली. तक्रार नव्हती; मदत मागत होती. “त्या बाई म्हणाल्या ना, साबण झिजतात. पण हा मोठा आहे, अख्खा. मी अजून थोडं घासते.”

मार्व्हानं जाऊन ब्रश धरला. फेसाखाली कानामागची कातडी सोलली होती. काळ्यात लाल, ओलं.

“काय करतेय ही पोर?” युडोरा दारात आली होती. बाळ आता तिच्या कोपरावर आडवं होतं, ढेकर देऊन सुस्त, आणि तिचा अंगठा, तिचं लक्षसुद्धा नसताना, टोपड्याखाली गेलेला होता.

“आजी, त्याचा नको बघू!” ओडेट ओरडली. “त्याचा मी मग धुणार आहे. आधी माझा होऊ दे.”

युडोराला काही कळलं नाही. ती हसली. “काय धुणार आहेस?”

“मळ. कानामागचा. आई म्हणाली.”

युडोरानं मार्व्हाकडे पाहिलं आणि मग तिला कळलं. तिच्या लाल चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच जागच्या जागी बसलं. “बरं म्हणाली,” ती हळू आवाजात म्हणाली. “मळच सांगायचा. चल गं, अंग पूस, पाव खाऊ. गरम आहे.”

एवढंच करायचं होतं. अंग पुसायचं, पाव खायचा. मार्व्हाला तो पाव खरोखर दिसला, लोणी वितळत असलेला. पोर दोन घासांत विसरली असती. आणि विसरली नसती. ते आत जाऊन बसलं असतं, आणि कधीतरी, वीस-पंचवीस वर्षांनी, कुठल्यातरी बाकावर, तिचा अंगठा गेला असता.

“मळ नव्हता,” मार्व्हा म्हणाली.

“मार्व्हा.” युडोराचा आवाज काउंटरवरचा झाला. “लहान आहे ती.”

“मळ नव्हता गं ओडेट. मी खोटं बोलले.”

ओडेट बादलीवरून तिच्याकडे बघत होती. बादलीमुळे दोघींचे डोळे जवळजवळ समोरासमोर आले होते. “मग काय बघत होतीस?”

“बाळ मोठं झालं की किती काळं होईल, ते बघत होते.”

“कानात दिसतं?”

“दिसतं.”

“का बघत होतीस?”

मार्व्हानं तोंड उघडलं. तिच्याजवळ उत्तरं होती, रेघा ओढलेली. तिच्या आईजवळ होतं, आयव्हीमावशीजवळ गंमत होती. त्या सगळ्यांतलं एकही तिला या पोरीच्या तोंडासमोर धरवेना. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “हात गेला. जायला नको होता.”

ओडेटनं यावर विचार केला. नळ वाहतच होता. “माझा पण बघितला होतास? मी बाळ होते तेव्हा?”

“पुरे आता,” युडोरा म्हणाली.

“बघितला होता.”

“मग?”

“मग मी भिंतीकडे तोंड केलं,” मार्व्हा म्हणाली. तिचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, फक्त नळाचा येत होता. “बाबांनी तुला उचललं. मी नाही उचललं. नंतर उचललं. आधी नाही.”

मागे युडोरानं बाळाला खांद्यावर घेतलं. बाळानं उचकी दिली. ओडेट आईच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली, आणि मार्व्हानं तो वळवला नाही. त्या दिवसात पहिल्यांदा तिला जे जमलं ते एवढंच होतं. मग ओडेटनं खाली हातातल्या साबणाकडे पाहिलं. वडीची एक बाजू घासून तिरपी झाली होती.

“म्हणजे मी हे सगळं उगाचच घासलं?”

“हो,” मार्व्हा म्हणाली. “उगाच.”

“आग होतेय.” आणि आता तिच्या ओठाला कंप सुटला, आत्तापर्यंत सुटला नव्हता तो. “खूप आग होतेय.”

“दाखव.”

ओडेट जागची हलली नाही. आईच्या हाताकडे बघत राहिली, अंगठ्याकडे. मार्व्हानं हात खाली घेतले आणि झग्याला पुसले, आणि तसेच पाठीमागे धरले. तेव्हा कुठे पोरीनं टोपी काढली, पायाशी ठेवली, आणि मान वाकवून, आपला कान आपणच पुढे दुमडून, आईच्या डोळ्यांसमोर धरला. अगदी जवळ. ओला, काळा, सोललेला, तिच्या नाडीच्या ठोक्याबरोबर थरथरणारा. मार्व्हा बघत राहिली. पोर जितका वेळ धरून होती तितका वेळ.

“काय दिसतंय?” ओडेटनं विचारलं.

“साबण राहिलाय,” मार्व्हा म्हणाली. “डोळे मीट.”

आणि तिनं ओंजळीत पाणी घेतलं.